गोठ्यातले पाढे

आमच्या गाईला तेरापासून एकोणतीसपर्यंत पाढे येतात, असं हे पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे. मी ओट्यापाशी असले तर तिथूनच ओरडायचे, "येतात कुठले, ऐकून ऐकून कंटाळलीय ती." मग लेक म्हणायची, "आई, तिचे माझ्यापेक्षा पक्के आहेत." असा आमच्या तिघांचा ठरलेला प्रयोग होता. रविवारी मुंबईहून कुणी ना कुणी 'शेतावर' यायचंच, त्यामुळे प्रेक्षकांना तोटा नव्हता. त्या थट्टेत खरं किती होतं, ते मात्र लेक पुण्याला शिकायला गेली तेव्हा कळलं.

मी मुळात शेतातली नव्हे. खोपोलीच्या बाजारपेठेत माझं माहेर आणि दोन गल्ल्या सोडून सासर. दोन्ही घरांत मास्तरकी, वकिली आणि एक कापडाचं दुकान. तुळशीपलीकडे कुणी काही लावलं नव्हतं आणि मांजरापलीकडे कुणी काही पाळलं नव्हतं. मी शाळेत गणित शिकवायचे, हे साजगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, तीन पाळ्यांत. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. लेक दुसरीत गेली आणि ह्यांच्या डोक्यात जमीन शिरली. खालापूरच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला वीस गुंठ्यांचा तुकडा, त्यावर कौलारू दोन खोल्या. "रविवारी जात जाऊ, चार झाडं लावू," अशी सुरुवात झाली. चार झाडांची चाळीस झाली, रविवारचा रोज झाला आणि वर्षभरात खोपोलीच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही तिथे राहायलाच गेलो. मी किती भांडले ते शेजारच्या वहिनी अजून सांगतात. त्यांना म्हणे आमचा आवाज आधी ओळखीचा झाला, चेहरे नंतर.

जनावरं एकदम आली नाहीत, नाहीतर मी माहेरीच निघून गेले असते. आधी पाच कोंबड्या आल्या. मग त्यांच्यासाठी कोंबडा आला, म्हणजे माझी झोप गेली. मग दोन शेळ्या आल्या आणि पहिल्याच आठवड्यात दोरीवर वाळत घातलेला लेकीचा शाळेचा स्कर्ट अर्धा खाऊन मोकळ्या झाल्या. नाईट करून आलेल्या ह्यांनी ओसरीवर हेल्मेट उलटं ठेवून डोळा लावला की एक तांबडी कोंबडी नेमकी त्यात अंडं घालायची. दुसरीकडे कुठेही नाही, हेल्मेटातच. सेकंड शिफ्टला निघायच्या गडबडीत एकदा ह्यांनी ते तसंच डोक्यावर चढवलं. मी इतकी हसले की उंबऱ्यावर बसावं लागलं. आज ओसरीवर हेल्मेट नाही, हे रिटायर झाले आहेत, पण तो बलक ओघळलेला चेहरा आठवला की मी एकटीसुद्धा हसते.

हसण्याचं सांगितलं, भांडणाचंही सांगायला हवं. आमच्या घरात सगळी भांडणं वेळेवरून व्हायची. मला शाळा, ह्यांना पाळ्या, लेकीला शाळा आणि वर क्लास. त्यात पडवळाच्या मांडवाला आधार द्यायचाय, दुधीवर कीड पडलीय, माकडांनी केळीचा घड अर्धा नेलाय आणि शेळी कुंपणात अडकून ओरडतेय, हे सगळं शाळेची बस यायच्या आधीच. नात्यातल्या लग्नांना आम्ही वाटून जायचो. ह्यांच्याकडचं लग्न असलं की हे, माझ्याकडचं असलं की मी. तिघं मिळून गेलो असं एकही लग्न मला आठवत नाही. लोक आडून आडून विचारायचे, सगळं ठीक आहे ना? मी म्हणायचे, सगळं ठीक आहे, कोंबड्या झाकायच्या असतात.

अशा घरात ह्यांनी गाय आणली. गीर, गडद तांबडी, लांब कानांची, चालली की बघत राहावं अशी. "आता घरचं दूध," हे म्हणाले. पण कारखान्यात मशीन उघडून उघडून ह्यांचे हात खरबरीत झालेले. अंगाला ऑइलचा वास, तो आंघोळीनंही जायचा नाही. पहिल्याच सकाळी गाईने चरवी उडवली, दुसऱ्या सकाळी ह्यांना. तिसऱ्या सकाळी चरवी माझ्या हातात आली. हौस कुणाची आणि कंबर कुणाची मोडतेय, असं मी दिवसातून निदान एकदा तरी ऐकवायचे.

दूध काढायला मला शेजारच्या वहिनींनी शिकवलं. त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या शेती. मुलगा कंपनीत असला तरी दारात दोन म्हशी कायम. मी मुकाट्याने, श्वास रोखून बसलेली बघून त्या म्हणाल्या, "ओ बाई, अशी गप बसून नका काडू. जनावराशी बोलत ऱ्हायचं. गप मानसाला त्ये भितंय."

आता गाईशी काय बोलायचं? मी वर्गात साठ मुलांसमोर तोंड मिटत नाही, पण त्या पहाटेच्या अंधारात गाईच्या पोटाशी डोकं टेकून मला एक शब्द सुचेना. वहिनी आपल्या म्हशींशी सासूच्या कागाळ्यांपासून मिरच्यांच्या भावापर्यंत सगळं बोलायच्या. मला लाज वाटायची. शेवटी मी लेकीला उठवून आणलं. उलटं घमेलं टाकून त्यावर तिला बसवलं आणि म्हटलं, "पाढे म्हण." तिचे पाढे व्हायचेच होते, ते घ्यायला मला दिवसभरात दुसरा वेळ नव्हता. गाईला आवाज मिळेल आणि हिचा अभ्यास होईल, दोन्ही कामं एका बैठकीत. मास्तरणीच्या डोक्यात दुसरं काय येणार?

तर असं सुरू झालं. थंडीत शाल गुंडाळून, पावसात गोठ्याचा पत्रा वाजत असताना त्याच्यावर आवाज काढून, लेक पाढे म्हणायची आणि मी दूध काढायचे. तेर साते एक्याण्णव, चरवीत धार. चुकली की माझे हात थांबायचे. हात थांबले की गाय मान वळवून लेकीकडे बघायची, म्हणून हे म्हणायचे, चूक तीच काढते. पाढे संपले की कविता, कविता संपल्या की विज्ञानाच्या व्याख्या. पण गंमत अशी, की कविता सुरू झाली की गाय पाय हलवायची आणि पाढ्यांवर आलं की स्थिर. त्यामुळे लेक दहावीत गेली, बारावीत गेली, तरी पहाटे पाढेच. तिला त्यांची गरज उरली नव्हती. तिने कंटाळा केला असता तर मी काही बोलले नसते, पण तिने कधी केला नाही. जांभया देत यायची, घमेल्यावर बसायची, डोळे मिटून बे एके बेपासून सुरुवात करायची. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी मुलं अशी येऊन बसत असतील. त्या अर्ध्या तासात मला आई म्हणून जे काही मिळायचं ते सगळं मिळत होतं, हे तेव्हा कुठे कळत होतं?

बारावीनंतर तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि होस्टेलवर जागाही. तिला हवी होती तीच शाखा, हवं होतं तेच कॉलेज. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. त्या दिवशी शेतावर वहिनी थांबल्या म्हणून दोघांना जाता आलं. येताना घाट उतरेपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. मी बोलत होते, काय बोलत होते देव जाणे.

तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळी फोन यायला लागले. "आई, मला घ्यायला ये." आधी रडू दाबत, मग न दाबता. खोलीतल्या दोघी एकमेकींच्या ओळखीच्या, त्या हिच्याशी बोलत नाहीत. मेसमधलं दूध पाण्यासारखं. खिडकीतून भिंत दिसते. हे फोन ठेवायचे आणि चपला शोधायला लागायचे. "जातो, घेऊन येतो. खोपोलीत कॉलेज नाही का?" मी म्हणायचे, "बसा." माझ्या आवाजात मास्तरीण असायची, म्हणून ते बसायचे. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी या वीस गुंठ्यांत मनाविरुद्ध आले आणि इथलीच होऊन गेले. आता कुणी हल म्हटलं तर हलणार नाही. पण तिने माझ्यासारखं, आयुष्य जिथे नेऊन टाकेल तिथे रुजायचं असं मला नको होतं. तिला हवं तिथे तिला जाता यायला हवं होतं. आत्ता परत आली असती तर पुन्हा बाहेर पडली नसती, हे मला स्वच्छ दिसत होतं. आमच्या शेजारपाजारच्या किती मुली अशा दोन महिन्यांत परत आल्या आणि मग लग्नापर्यंत घरीच राहिल्या.

त्याच आठवड्यात गाईने पान्हा चोरला. वासरू लावून बघितलं, सरकीची ढेप पुढे ठेवली, गरम पाण्याने कास शेकली. सडांना हात लावला की दोन धारा, मग बंद. कास टणक लागायला लागली. वहिनी येऊन बघून गेल्या. "नजर लागली, बाई. काल त्ये मुंबईचे लोक फोटो काडीत व्हते ना, त्येंचीच." त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, मिरच्यांचा ठसका गाईलाही लागला आणि आम्हालाही, दूध काही आलं नाही. खालापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही, रोजचं काहीतरी बदललं असेल. गाभण आहेच, महिनाभरात दूध बंद करून आटवावीच लागेल, तर आत्ताच आटवायला घ्या. मी विचार करते म्हणाले.

रोजचं काय बदललं ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. खरं सांगायचं तर माझा अभिमान आडवा आला. इतकी वर्षं मी समजत होते की गाय माझ्या हाताला सोडते.

त्या संध्याकाळी फोनवर लेक रडायच्या बेतात असताना मी विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "अगं, तुझी गाय दूध देईना." तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "पाढे कोण म्हणतं?"

"कोण म्हणणार? कुणी नाही."

"उद्या पहाटे मी फोन करते. स्पीकर लाव आणि तिच्या कानाशी धर."

मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे खरोखरच फोन वाजला. हे फर्स्ट शिफ्टला निघण्याआधी दात घासत गोठ्याच्या दारात उभे. मी फोन गव्हाणीवर ठेवला. पलीकडून झोपेतला, जडावलेला आवाज आला, "बे एके बे, बे दुणे चार." गाईचे कान उभे राहिले. तिने मान वर केली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. फोन हुंगला. तेराच्या पाढ्यापर्यंत पोचलो तेव्हा सड माझ्या हातात भरले. ब्रश तोंडात तसाच धरून हे टाळ्या वाजवायला लागले. "आली, आली!" पलीकडून लेक ओरडली, "खरंच?" आणि ती हसली. पुण्याला गेल्यापासून पहिल्यांदा.

मग रोज फोन. खोलीतल्या मुलींची झोपमोड नको म्हणून ती होस्टेलच्या गच्चीवर जाऊन पाढे म्हणायची. संध्याकाळचे रडण्याचे फोन थांबले नाहीत, पण सकाळच्या पाढ्यांत खंड पडला नाही. मला वाटलं, हिला तिथे उठायला काहीतरी कारण मिळालं. घरात तिच्यावाचून कुणाचं तरी अडतंय, एवढ्या आधारावर माणूस परक्या गावात दिवस काढू शकतं.

गणपतीला ती आली. दाराशी रिक्षा थांबली आणि मी बघत राहिले. दोन दिवसांसाठी आलेली मुलगी गादीसकट सगळं सामान घेऊन उतरली होती. बादली, कपडे, पुस्तकं, टेबलाचा दिवासुद्धा. हे धावत गेले आणि एकेक वस्तू कौतुकाने आत नेऊ लागले. मी जागची हलले नाही.

आरती झाली, मोदक झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सांगितलं, "आई, मी परत जाणार नाही." ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी भांडले नाही. पहिल्यांदाच त्या घरात मी भांडले नसेन. म्हटलं, "दिवाळीपर्यंत काढ. दिवाळीला आलीस आणि तेव्हाही नको वाटलं, तर मी स्वतः जाऊन सामान घेऊन येईन. विचारणारसुद्धा नाही का म्हणून." ती बराच वेळ चिकूच्या झाडाखाली जाऊन बसली. मग आत येऊन म्हणाली, "आणि गाय?" मी म्हटलं, "गाय तुझ्या फोनवर चाललीय ना, तशीच चालेल." विसर्जनानंतर ती गेली. सामान सगळं परत रिक्षात चढवताना हे माझ्याशी बोलत नव्हते. माझं तरी स्वतःशी कुठे बोलणं होत होतं.

ती गेली आणि आठवड्याभरात गाईचा सातवा महिना भरला. आता आटवायलाच हवी होती, नाहीतर पोटातल्या वासराला काय मिळणार? मी ढेप कमी केली, एक दिवसाआड दूध काढायला लागले, मग बंदच केलं. दहाबारा दिवसांत कास बसली. गाय भाकड झाली, म्हणजे आता व्यायची वाट बघायची. पाढ्यांचं काम संपलं.

पण मी हे लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सकाळचा फोन गेला असता आणि तिच्या हाती फक्त संध्याकाळचा राहिला असता. दिवाळी अजून लांब होती. म्हणून मी रोज पहाटे गोठ्यात जायचे, फोन गव्हाणीवर ठेवायचे आणि घमेल्यावर बसायचे. पलीकडून पाढे सुरू झाले की मधूनमधून चरवीवर नखांनी टकटक करायचे, धारेचा आवाज वाटावा म्हणून. "आज किती?" ती विचारायची. "रोजच्यासारखंच," मी म्हणायचे. शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी मी, रोज पहाटे एक खोटं बोलूनच दिवस सुरू करत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. हे दारात येऊन बघायचे आणि निघून जायचे. एकदा म्हणाले, "थंडी वाजेल, शाल तरी घे." त्या माणसाने मला वेडी म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार.

हळूहळू त्या फोनमधून वेगळंच काही ऐकू यायला लागलं. आधी नुसता गच्चीवरचा वारा असायचा. मग एकदा कुणीतरी मागे खिदळलं. मग एक दुसरा आवाज सोळाच्या पाढ्यात मिसळला, "सोळा साते... थांब थांब, किती?" "बारोदरसे," लेकीने ठसक्यात सांगितलं आणि दोघी हसल्या. मग आवाज तीन झाले. त्यातली एक नागपूरकडची होती, तिला गाईचं नाव, रंग, शिंगं सगळं हवं होतं. एकदा पाढे संपायच्या आधीच कुणीतरी हाक मारली, "चल ना गं, चहा संपेल," आणि लेकीने शेवटचे तीन पाढे गाडी सुटल्यासारखे उरकले. संध्याकाळचे फोन आखूड होत गेले. मी हे सगळं ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, सुधारतंय. पण दिवाळी येईपर्यंत माझी धाकधूक गेली नाही. पुन्हा रिक्षातून गादी उतरली तर?

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी ती आली. रिक्षातून आधी पाय उतरले, मग ती, आणि खांद्यावर एक छोटी बॅग. मी रिक्षाच्या आत वाकून बघितलं. रिक्षावाला म्हणाला, "काय राह्यलं काय, ताई?" मी म्हटलं, "नाही, काही नाही."

रात्री जेवताना ती सतत बोलत होती. कुणाला काय खायला आवडतं, कुठल्या मॅडम कशा शिकवतात, नागपूरची कशी घोरते. मी तिला काही विचारलं नाही. विचारणार नाही असं म्हटलं होतं ना. हे मात्र दर वाक्याला माझ्याकडे बघून घेत होते.

पहाटे मी गोठ्यात गेले तर ती आधीच तिथे होती. आज गाईची पूजा, म्हणून गोठा झाडून काढला होता, गाईच्या कपाळावरची धूळ पुसली होती. गाय दिवस भरत आलेली, संथ, रवंथ करत उभी. लेकीने वाकून कासेखाली हात घातला आणि तसाच ठेवला.

"किती दिवस झाले आटवून?"

"झाले की... आठवडा," मी म्हटलं.

"आई." तिने मान वर केली. "माझ्या बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी आपण हिला भरवली. डॉक्टरांना फोन मीच केला होता. सातवा महिना गणपतीनंतर लगेच भरला. मोजता येतं मला, तूच शिकवलंस."

मी चरवी इकडची तिकडे ठेवली. तोंड लपवायला दुसरं काही नव्हतं.

"सगळं माहीत होतं, तर मग दीड महिना रोज उठून गच्चीवर जात कशाला होतीस?"

तिने गाईच्या अंगावरची गोचीड शोधत असल्यासारखं केलं.

"बाबांनी सांगितलं होतं. म्हणाले, गाय आटली तरी आई रोज गोठ्यात जाऊन तुझ्या फोनची वाट बघत बसते. फोन संपला की डोळे पुसते. म्हणाले, जमलं तर थोडे दिवस करत राहा." मग हळूच म्हणाली, "मला तिथे कधीच बरं वाटायला लागलं होतं गं. नवरात्राच्याही आधी. मला वाटलं, तुला सवय व्हायला हवी."

मी दोन महिने जिला सांभाळत होते, ती मला सांभाळत होती. इतकी वर्षं मुलांच्या मनातलं ओळखते म्हणून शाळेत माझं नाव, आणि माझ्याच घरातली दोन माणसं मला ताकास तूर लागू न देता माझी काळजी घेत होती. ह्यांचा राग आला, पण कुठल्या तोंडाने रागावणार? मला जे हवं होतं तेच झालं होतं. लेक तिथे रुजली होती, स्वतःच्या पायांनी. मी देवाकडे मागितलं असतं तर याहून वेगळं काही मागितलं नसतं. आणि मला तिथेच शेणात बसकण मारून रडावंसं वाटत होतं.

"आता थंडी पडायला लागलीय गच्चीवर," ती म्हणाली. "दिवाळीनंतर सकाळचा फोन नाही केला, तर चालेल तुला?"

"चालेल की," मी म्हटलं. "न चालायला काय झालं? गाय तर आटलीय."

आवाज माझ्या ताब्यात राहिला नाही. ती गाईपासून उठून माझ्यामागे आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली, मानेपासून खाली, सावकाश, बुजलेल्या जनावराला फिरवतात तसा.